कानाआड सृष्टी

आमचा हिंगोली जिल्हा शांत आहे, असं मी म्हणत नाही, शास्त्रज्ञ म्हणतात. औंढा नागनाथजवळ दुधाळ्याच्या शिवारात ‘लायगो-इंडिया’ नावाची प्रयोगशाळा उभी राहते आहे. विश्वाच्या कुठल्या तरी कोपऱ्यात दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशात जी लहर उठते, ती तिथे मोजायची आहे. काम इतकं नाजूक की जवळून ट्रक गेला तरी मोजमापात खोट यावी. म्हणून देशभरातल्या जागा पाहिल्या आणि कमी हादऱ्यांची, कमी गोंगाटाची जागा म्हणून औंढ्याला पसंती दिली. एप्रिल 2023 मध्ये केंद्र सरकारनं या कामाला 2,600 कोटी रुपये मंजूर केले.

आणि त्याच जिल्ह्यात, त्या जागेपासून एसटीनं तासाभराच्या वाटेवर, गोंगाट सहन होईना म्हणून मी कानाला यंत्र लावून बसलो होतो.

शास्त्रज्ञांचं काही चुकलं, असं नाही. ते आमच्या गल्लीत आले नव्हते, एवढंच.

आमच्या डाव्या भिंतीला भिंत लावून पिठाची गिरणी आहे. उजवीकडे एक कुटुंब आहे, त्यांच्याकडे दोन मुलं आणि एक ताशा आहे. सकाळी गाणं वाजवत घंटागाडी येते, मग भंगारवाला येतो. तो स्वतः तोंड उघडत नाही, त्याच्या गाड्यावरचा कर्णा बोलतो. लग्नसराईत डीजे, दसऱ्याच्या दिवसांत रामलीला मैदानाकडून पाळण्यांची किरकिर आणि नाटकी राक्षसांचं हसणं. घरात पत्र्याचा कूलर. मराठवाड्यात उन्हाळ्याचे चार महिने कूलर हा घरातला एक सदस्यच असतो आणि सगळ्यांत जास्त तोच बोलतो. मी हळदीच्या आडत्यांचे हिशेब लिहितो, जीएसटीचे कागद भरतो. कांडी किती, गट्टू किती, तोलाई किती, हमाली किती. हे आकडे डोक्यात धरून मी जिना चढतो आणि वरच्या खोलीत पोचेपर्यंत गट्टूचा भाव कांडीला लागलेला असतो. याचं खापर मी वर्षानुवर्षं गोंगाटावर फोडत आलो.

2024 च्या गुढीपाडव्याला चिरंजीव पुण्याहून आले. पुण्यात डेक्कन म्हणजे जिमखाना. आमच्याकडे अख्ख्या रेल्वे स्टेशनचं नाव ‘हिंगोली डेक्कन’. हे मी त्याच्या मित्रांना प्रत्येक भेटीत सांगतो आणि ते प्रत्येक भेटीत हसत नाहीत. तर तो घरून काम करताना कानांवर दोन काळ्या वाट्या चढवून बसला. शेजारी गिरणी चालू, समोर कूलर चालू आणि याच्या चेहऱ्यावर समाधी लागल्यासारखी शांतता. जाताना म्हणाला, “बाबा, तुम्हालाही एक मागवलाय. वापरून बघा.”

“केवढ्याचा रे?”

“सेलमध्ये होता.”

‘सेलमध्ये होता’ हा आकडा नसतो, हे जन्मभर हिशेब लिहिणाऱ्या माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. खरी रक्कम पुढे कळली. ती इथे लिहीत नाही, कारण हा लेख आईला वाचून दाखवायचा आहे.

यंत्र आलं. मी ते डोक्यावर चढवलं, बटण दाबलं आणि कूलर मेला. खरंच मेला असं वाटून मी उठून त्याच्यासमोर हात धरला. वारा येत होता. पातं फिरत होतं, पाणी ठिबकत होतं, पत्रा थरथरत होता, आवाज मात्र नाही. मी गिरणीच्या भिंतीला हात लावला. भिंत घुमत होती, पण मुक्यानं. मला भरून आलं. पन्नाशी ओलांडल्यावर माणसाला असं सुख फार कमी वेळा मिळतं, आणि तेही दवाखान्याबाहेर.

हे होतं कसं, हे चिरंजीवांनी फोनवर समजावलं. आवाज म्हणजे लाट. यंत्रातला छोटा माइक बाहेरची लाट टिपतो आणि आतला स्पीकर त्याच क्षणी त्याच मापाची उलटी लाट सोडतो. तिकडे उंचवटा, तर इकडे खड्डा. दोन्ही कानाशी भेटतात आणि एकमेकांना गिळून टाकतात. म्हणजे कूलर ‘घूं’ म्हणाला की हेडफोन उलटं ‘घूं’ म्हणतो आणि माणसाला काहीच ऐकू येत नाही. मी हे सगळं हिला सांगितलं. ती म्हणाली, “आपल्या घरात एकानं ‘हो’ म्हटलं की दुसरा त्याच आवाजात ‘नाही’ म्हणतो. शांतता कुठं होते?”

कल्पना जुनी आहे. पॉल ल्यूग नावाच्या जर्मन माणसाला 1936 सालीच तिचं अमेरिकी पेटंट मिळालं होतं. पण ती डोक्यावर घालण्याजोगी केली अमर बोस यांनी. त्यांचे वडील बंगालमधले स्वातंत्र्यसैनिक, इंग्रजांच्या तावडीतून निसटून अमेरिकेला गेलेले. 1978 मध्ये झुरिकहून बोस्टनला जाताना बोस यांनी विमानात दिलेला हेडफोन लावला, इंजिनाच्या घरघरीत संगीताचं पार वाटोळं झालेलं ऐकलं आणि विमान उतरण्याआधी कागदावर गणित मांडून ठेवलं. त्यातून 1989 मध्ये वैमानिकांसाठी पहिला हेडफोन बाजारात आला. त्या गणितात एक ग्यानबाची मेख आहे. विमान, कूलर, गिरणी, मोटार यांची एकसुरी, जाड घरघर हे यंत्र छान मारतं. एकाएकी येणारा बारीक, धारदार आवाज त्याला तसा मारता येत नाही. उलटी लाट तयार व्हायच्या आत मूळ लाट कानात पोचलेली असते.

याचा अर्थ मला दुसऱ्या दिवशी कळला. कूलर नाहीसा झाला आणि त्याच्यामागून स्वयंपाकघरातून हिचा आवाज स्वच्छ ऐकू आला. “अहो, दूध आणायचंय.” मी दचकलो. तोवर ‘कूलर चालू होता, ऐकू आलं नाही’ हे माझं उन्हाळ्यातलं कायमचं उत्तर होतं. पावसाळ्यात ‘गिरणी चालू होती’. हिवाळ्यात कुणाचं तरी लग्न. गोंगाटाच्या आडोशानं मी पंचवीस वर्षं सुखात संसार केला होता, आणि स्वतःच्या हातानं (म्हणजे मुलाच्या पैशानं) मी तो आडोसा पाडला होता. मग उपाय म्हणून आत जुनी नाट्यगीतं लावायला सुरुवात केली. आता मात्र सगळंच बंद झालं. इथून पुढचे भोग तिथून सुरू झाले.

पहिला भोग मेहुण्याचा. तो कळमनुरीकडचा, घरची हळद. त्या दिवशी खालच्या खोलीत चहा पीत बसला होता. मी वर हेडफोन लावून. चिरंजीवांचा फोन आला, तो थेट कानातच. तो म्हणाला, “बाबा, मामा पैसे मागत होता, देऊ का?” मी इकडेतिकडे पाहिलं, दार लोटलं आणि अगदी कुजबुजत सांगितलं, “अजिबात देऊ नकोस. माझे पंधरा हजार दोन वर्षांपासून यायचेत. हळद विकली की देतो म्हणतो. ती हळद कोणत्या शेतात उगवते, देवाला ठाऊक.”

कुजबुजत, असं मला वाटलं. कान झाकलेले असले की स्वतःचा आवाज स्वतःला कमी येतो आणि माणूस नकळत चढत जातो. चिरंजीव तिकडून “बाबा, हळू, हळू” म्हणत होता, ते मला ‘हळद, हळद’ असं ऐकू आलं. म्हणून मी हळदीचा मुद्दा आणखी एकदा, सविस्तर सांगितला. खाली गिरणी चालू होती. नंतर गिरणीवाले मामा म्हणाले, “भाऊ, पंधरा हजार लय झाले की.” यावरून आवाज कुठवर पोचला याचा अंदाज यावा.

मी खाली आलो तेव्हा मेहुण्यानं अर्धा चहा बशीत तसाच ठेवला होता. “येतो दाजी,” एवढंच म्हणाला. हिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पुढचे नऊ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. बाहेरचा गोंगाट बंद करणारी यंत्रं अमेरिकेत निघाली असतील, पण घरातला आवाज पुरता बंद करायची विद्या आपल्याकडे फार जुनी आहे, आणि तिला चार्जिंगही लागत नाही. दहाव्या दिवशी मात्र मेहुणा आला आणि पंधरा हजार रुपये टेबलावर ठेवून गेला. त्या यंत्रानं आमच्या घराला मिळवून दिलेली ही पहिली आणि शेवटची कमाई.

दुसरा भोग पाण्याचा. तारीख 20 मे, म्हणजे महिन्याचा जीएसटी भरायचा शेवटचा दिवस. त्याच दिवशी नळाला पाणी आलं, सातव्या दिवशी. ही एका लग्नाच्या बस्त्यासाठी नांदेडला निघाली होती. पायात चपला घालता घालता म्हणाली, “मोटार लावलीय. टाकी भरली की आवाज बदलतो, पाणी पडायला लागतं. ऐकू आलं की बंद करा. आईंना काही सांगू नका, त्यांना ऐकू येत नाही.”

आईचं वय ऐंशीच्या पुढे. तिच्या उजव्या कानात ऐकू येण्याचं यंत्र आहे, ते ती बहुधा डबीत ठेवते. आमच्या घरात तेव्हा कानाची दोन यंत्रं होती: एक ऐकू यावं म्हणून, दुसरं ऐकू येऊ नये म्हणून. हिचा भरवसा ज्याच्यावर होता, त्यानं दुसरं लावलं.

मोटारीची घरघर म्हणजे त्या यंत्राचं आवडतं खाद्य. जाड, एकसुरी, न थांबणारी. त्यानं ती गट्ट केली. मी कानात नाट्यगीत लावून आकड्यांत बुडालो. तास-दीड तास अक्षरशः स्वर्गीय गेला. कांडी कांडीत बसली, गट्टू गट्टूत. मध्येच खिडकीतून शेजारच्या काकू त्यांच्या गच्चीवर दिसल्या. दोन्ही हात डोक्याच्या वर हलवत होत्या. इतक्या वर्षांच्या शेजारात त्यांनी असा आपुलकीनं हात कधी केला नव्हता. मीही हसून हात हलवला. त्यांनी आणखी जोरात हलवला. मीही.

आमच्या टाकीचं ओसंडणारं पाणी त्यांच्या गच्चीवर पडतं. त्यांच्या गच्चीवर त्या दिवशी कुरडया होत्या.

ज्यांच्या घरी कुरडया होतात, त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. तीन दिवस गहू भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून, गाळून सत्त्व काढायचं, पहाटे उठून चीक शिजवायचा, हात भाजत सोऱ्यातून घालायच्या आणि मग कावळ्यांपासून, पोरांपासून, आभाळापासून राखत बसायचं. काकूंनी यांतल्या सगळ्यांचा बंदोबस्त केला होता. माझा केला नव्हता. मी धावत गच्चीवर गेलो तेव्हा प्लास्टिकच्या कागदावर कुरडयांचा पुन्हा चीक झाला होता आणि त्यात काकूंचे सांडगे होड्यांसारखे तरंगत होते. खाली रस्त्यावर पाण्याचा ओहोळ होता. सात दिवसांनी आलेलं पाणी असं वाहताना पाहून गल्लीतली माणसं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहत होती, ती मी विसरायचा प्रयत्न करतो आहे.

नुकसानभरपाई म्हणून गहू मी आणून दिले. पण काकूंचं तेवढ्यावर भागलं नाही. चौथ्या दिवशी पहाटे पाच वाजता सोऱ्याचा दांडा फिरवायला मला बोलावलं. गल्लीतल्या सात बायका बसल्या होत्या. मी घाम गाळत दांडा फिरवत होतो आणि त्या माझ्याविषयी माझ्यासमोर बोलत होत्या. त्या दिवशी मला हेडफोनची गरज होती. तो हिनं कपाटात कुलूप लावून ठेवला होता.

तिसरा भोग भूकंपाचा. हसू नका. शांत म्हणून निवडलेल्या आमच्या जिल्ह्याला पोटातून घुमायचीही सवय आहे. वसमत तालुक्यात पांगरा शिंदे आणि भोवतालच्या गावांत गेली काही वर्षं जमिनीतून गूढ आवाज येतात. लोक भांडी वाजली की अंगणात येऊन बसतात. त्यात आम्ही सगळे 30 सप्टेंबर 1993 ची किल्लारीची पहाट पाहिलेले. त्यामुळे मराठवाड्याचा माणूस झोपेतसुद्धा एक कान जमिनीला लावून असतो. 21 मार्च 2024 ला सकाळी सहाच्या सुमारास धक्का बसला, तेव्हा गल्लीत सगळ्यांत आधी रस्त्यावर आलेला माणूस मी होतो. बनियन आणि टॉवेलवर. टॉवेलही नीट नव्हता, असं काही लोक म्हणतात. तोवर हेडफोन आला नव्हता, हे लक्षात घ्यावं.

10 जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमारास दुसरा मोठा धक्का बसला. पहिल्यासारखाच, साडेचार रिश्टरच्या आसपासचा. त्या वेळी मी वरच्या खोलीत ध्यानाला बसलो होतो. कपाटातून यंत्र सोडवताना मी हिला वचन दिलं होतं की हिशेबाला नाही, फक्त ध्यानाला वापरीन. डोळे मिटलेले, कान मिटलेले. आसन थरथरलं. मनात म्हटलं, मामांनी आज गिरणी लवकर लावली. एरवी थरथर आणि घरघर जोडीनं येतात. आता घरघर त्या यंत्रानं खाल्ली होती, त्यामुळे अंगाला लागणारी प्रत्येक थरथर मला गिरणीचीच वाटायची. मग थरथर वाढली. पाठीच्या कण्यातून वर चढली. आता खोटं कशाला सांगू? मला वाटलं, साधना फळाला आली. लोक बारा बारा वर्षं बसतात, मला दीड महिन्यात. कुणी तरी दाराशी आल्याचा भास झाला, तेव्हा मी डोळे न उघडता हात वर केला. थांब. आत्ता नको.

डोळे उघडले तेव्हा छताचा पंखा बंद असून हलत होता. खाली उतरलो. घर रिकामं. दार सताड उघडं. सगळी गल्ली रस्त्यावर उभी राहून आमच्या वरच्या खिडकीकडे पाहत होती. काकू होत्या, ताशावाली मुलं होती, गिरणीवाले मामा होते. गिरणी अर्थातच बंद होती. मध्यभागी खुर्चीवर आई बसली होती. तिचं कानाचं यंत्र डबीत, डबी घरात. जिला काही ऐकू येत नाही, ती सगळ्यांत आधी बाहेर आली होती. म्हणाली, “पायाला कळलं रे. कान कशाला लागतो?”

ही म्हणाली, “तीन हाका मारल्या. अर्धा जिना चढून वर आले. तर हे हात वर करून आशीर्वाद द्यायलेत!”

तेव्हापासून गल्लीतली पोरं मला पाहिली की हात वर करतात.

श्रावणातल्या एका सोमवारी आईला औंढ्याला घेऊन गेलो. हेडफोन पिशवीत होता. एसटीत घालायचा विचार होता, पण आई शेजारी बसली आणि बोलायला लागली. ऐकू न येणाऱ्या माणसाचं बरं असतं, त्याला उत्तराची वाट पाहावी लागत नाही. दर्शनाच्या रांगेत तिनं ती गोष्ट पुन्हा सांगितली, जी मी लहानपणापासून ऐकतो आहे. नर्सीचे नामदेव देवळासमोर कीर्तन करायला लागले. पूजा करणाऱ्यांना त्या आवाजाचा अडथळा झाला, ते म्हणाले, मागे जा. नामदेव मागे जाऊन गायला लागले, तर देवानं देऊळच फिरवून त्यांच्याकडे तोंड केलं. नंदी तेवढा मागे राहिला, असं म्हणतात.

ही गोष्ट मी पन्नास वेळा ऐकली असेल. पण तक्रार करणाऱ्यांच्या बाजूनं त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकली. आमच्या जिल्ह्यातली गोंगाटाची ही सगळ्यांत जुनी तक्रार. तिचा निकाल तक्रारदारांच्या विरोधात लागला, आणि त्यांनी निदान कानांत काही घातलेलं नव्हतं.

परतताना दुधाळ्याचा विषय निघाला. आईनं विचारलं, “तिथं काय बांधायलेत रे एवढं?”

मी सांगितलं. चार चार किलोमीटरच्या दोन नळ्या, काटकोनात. आत निर्वात पोकळी, लेझरचा किरण. टोकाला चाळीस किलोचे आरसे, काचेच्या तंतूंवर टांगलेले. जमीन जराशी हलली की खालचा चौथरा ते ओळखतो आणि तेवढाच उलटा हलतो, म्हणजे आरसा स्थिर. माझ्या पिशवीतल्या यंत्राचीच ही थोरली भावकी. अमेरिकेतल्या अशाच यंत्रांनी 14 सप्टेंबर 2015 ला दोन कृष्णविवरांच्या टकरीची लहर पहिल्यांदा पकडली. त्या लहरीनं चार किलोमीटरच्या नळीत पडलेला फरक प्रोटॉनच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याइतका बारीक होता.

आईला प्रोटॉनचं काही नव्हतं. तिनं विचारलं, “किती लांबचा आवाज म्हणालास?”

“एकशेतीस कोटी प्रकाशवर्षं.”

“अन् तो ऐकू येतो?”

“येतो. जवळचा सगळा गोंगाट काढून टाकला की येतो.”

आई थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली. मग म्हणाली, “त्यांना तेवढ्या लांबचं ऐकू येतं, अन् तुला खालच्या खोलीतली हाक येत नाही.”

एसटीचा वाहक हसला. पुढच्या बाकावरचे दोघे हसले. आईला त्यांचं हसणं ऐकू आलं नाही, म्हणून तिनं तेच वाक्य आणखी मोठ्यानं पुन्हा म्हटलं.

हिवाळ्यात मी तो हेडफोन गिरणीवाल्या मामांना देऊन टाकला. म्हटलं, पंचवीस वर्षं हा माणूस त्या यंत्राशेजारी उभा आहे. खरी गरज याला. आपण भिंतीपलीकडून एवढे कावतो, हा तर आतच असतो. मामांनी पिठाळ हातांनी तो घेतला, डोक्यावर घातला, हसले. तिसऱ्या दिवशी स्वच्छ पुसून परत घेऊन आले.

“राहू द्या भाऊ. हे घालून गिरणी चालवायची म्हणजे डोळे बांधून मोटारसायकल.”

“का हो मामा?”

“वरचं धान्य संपलं की दगड कोरडा वाजतो. पट्टा सैल झाला की येगळा वाजतो. ज्वारी ओली असली की येगळी, बारीक दळायलं की येगळी. हे घातलं अन् काल एका बाईचं पीठ जाळलं मी. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा.”

“मग एवढ्या आवाजाचा त्रास नाही होत?”

“तरास तुम्हाला व्हतो भाऊ. मला तर ती बोलती.”

मी त्यांना निदान कानांत कापसाचे बोळे घालायला सुचवलं. त्यांनी मान वळवून दाखवलं. बोळे होते. पीठ बसून कानाच्याच रंगाचे झाले होते.

त्यानंतर मी कानाला खडा लावला. हिशेब आता गिरणीच्या आवाजातच लिहितो. कांडी आणि गट्टू अजूनही गल्लत करतात. खापर फोडायला मात्र काही उरलेलं नाही. हेडफोन खुंटीला असतो. थंडीत आई सकाळी अंगणात बसताना कधी कधी घालते. माकडटोपीपेक्षा ऊब चांगली आहे म्हणते. किंमत तिला अजून कळलेली नाही.

गेल्या रविवारी हिनं फोडणीची तयारी करता करता मला सांगितलं, “कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा.” मी दोन्ही कान मोकळे ठेवून, हात मांडीवर ठेवून, कुकरसमोर बसलो. दुसरं काहीही करत नव्हतो. आई शेजारी शाल गुंडाळून बसली होती, त्या दिवशी तिनं कानाचं यंत्र घातलं होतं. एक शिट्टी झाली. दोन झाल्या. थोड्या वेळानं तिसरी झाली, जरा बारीक. मी गॅस बंद केला आणि ‘तीन!’ असं अभिमानानं जाहीर केलं.

डाळ कच्ची निघाली.

चौकशीअंती कळलं की कुकरच्या शिट्ट्या दोनच होत्या. तिसरी आईच्या कानातली. शाल यंत्रावर दाबली गेली की यंत्राचा स्पीकर आपलाच आवाज आपल्याच माइकला ऐकवतो, तो पुन्हा वाढवतो, पुन्हा ऐकवतो आणि शेवटी शिट्टी मारतो. यात माझी काही चूक नाही, हे मी हिला समजावून सांगू लागलो. लाटेवर लाट चढली की काय होतं, उलटी चढली तर काय होतं, अमर बोस, झुरिक, 1978...

तिनं कढईखालचा गॅस बारीक केला, खुंटीवरचा हेडफोन काढला आणि स्वतःच्या कानांवर चढवला.

माणसाचं बोलणं त्यातून पुरतं बंद होत नाही, फक्त घरघर बंद होते, एवढं तरी तिला सांगावं म्हणून मी पुढे झालो. तिनं डोळे मिटले आणि हात वर केला.